बुधवारची बारा-पन्नासची गाडी

बस डेपोच्या मागच्या अंगाला, डिझेलच्या पंपाला लागून एक खोली होती. खोलीत एक खिडकी, एक टेबल आणि टेबलावर टेबलापेक्षाही मोठा कागद. त्या कागदावर डाव्या बाजूला दोनशे बारा ड्रायव्हरांची नावं आणि प्रत्येकाच्या पुढे आठवड्याचे सात चौकोन. कुणी पहाटे पाचची गाडी काढायची, कुणी शेवटची गाडी आत आणायची, कुणाला कधी सुट्टी, हे सगळं त्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. लिहिणारी बाई एकच. अख्खा डेपो तिला ड्यूटीबाई म्हणायचा.

आता तुम्ही म्हणाल, चौकोनात नावं भरायची, त्यात काय मोठंसं? बसून बघा एकदा! एकाची सुट्टी उजवीकडे सरकवली की डावीकडची सतरा नावं हलतात. सतरांतले चार जण लगेच दारात उभे राहतात, आणि चौघांचंही म्हणणं खरं असतं. तिच्या आधीचे बाबू असल्या भानगडीत पडत नसत. ते वरून खाली नावं भरत सुटायचे आणि दाराला आतून कडी लावून चहा प्यायचे. ज्याच्या वाट्याला जे आलं ते त्यानं निमूट करायचं.

ड्यूटीबाईची गोष्ट वेगळी होती, कारण त्या खोलीत येण्याआधी दहा वर्षं ती डेपोच्या टेलिफोनवर बसत होती. ड्रायव्हरांच्या घरून फोन यायचे, ते सगळे तिच्या कानावरून जायचे. हे कधी सुटणार? यांना सांगा, बाळाला ताप आहे. यांना म्हणावं, आईला दवाखान्यात नेलंय, परस्पर तिकडेच या. दहा वर्षं तिनं हे ऐकलं. त्यामुळे बाबू निवृत्त झाले आणि पेन्सिल तिच्या हातात आली, तेव्हा कागदावरच्या प्रत्येक नावामागचं घर तिला पाठ होतं.

ज्याच्या घरी तान्हं मूल, त्याला तीन महिने पहाटेची गाडी नाही. ज्याची बायको रात्रपाळीला, त्याला संध्याकाळी घरी सोडायचं, निदान दोघांनी एकमेकांचं तोंड तरी बघावं. दोन सख्खे साडू एकमेकांशी बोलत नव्हते, त्यांना एकाच गाडीवर पाठोपाठ लावायचं नाही, कारण गाडी हातात देताना दोघंही किल्ली बोनेटवर आपटतात. नव्यानं लग्न झालेल्या एकाला तिनं लागोपाठ चार दिवस दुपारी मोकळं केलं, तर बाकीच्यांनी त्याला इतकं छळलं की तो बिचारा पाचव्या दिवशी आपण होऊन डबल ड्यूटी मागायला आला. तिनं त्याला हाकलून लावलं.

डेपोचे साहेब मधूनमधून वैतागायचे. "बाई, हा डेपो आहे, पाळणाघर नाही."

"साहेब," ती पेन्सिलीला टोक काढता काढता म्हणायची, "घरी भांडून आलेला माणूस पन्नास जणांना घेऊन रस्त्यावर जातो. त्या पन्नासांत कधी तुम्हीही असता."

साहेब तक्त्यावर सही करायचे. सोळा वर्षांत तिच्या तक्त्यावर एकही गाडी ड्रायव्हर नाही म्हणून थांबली नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. अशी माणसं कुठल्याच कचेरीच्या भिंतीवर फोटोत दिसत नाहीत, पण त्यांच्या जिवावर गावंच्या गावं वेळेवर घरी पोचतात. मला विचाराल तर सत्कार करायचा तर असल्यांचा करावा.

पण हीच बाई घरी आली की तिला भेटायचा तो फ्रिज!

घरात माणसं चार. नवरा पाव करण्याच्या कारखान्यात भट्टीवर. तो मध्यरात्रीनंतर जायचा, सकाळी साडेदहाला परत यायचा आणि संध्याकाळी पाचला पडदे ओढून झोपायचा. थोरली मुलगी नर्स, तेव्हा तिची पाळी सकाळी सात ते दोन, पण बुधवार सोडला तर रोज चारपर्यंत थांबवून घ्यायचे. धाकटी सकाळी कॉलेजला आणि संध्याकाळी पाचपासून चष्म्याच्या दुकानात, रविवारी तर दिवसभर. आणि ड्यूटीबाई स्वतः आठ ते पाच, रविवारीसुद्धा अर्धा दिवस, त्याच्या बदल्यात बुधवारी साडेबाराला सुटका. चौघंही मेहनती, चौघंही एकमेकांवर जीव टाकणारी, आणि चौघांचा संसार चालला होता फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांवर. दूध संपलंय. बाबा, गिझर बंद करत जा. ताई, माझा निळा शर्ट तूच घातलास ना? खरं सांग. खाली दुसऱ्या अक्षरात: घातला. काय करशील?

एकदा थोरली लवकर सुटून घरी आली आणि समोर बसलेल्या बाबांकडे बघतच राहिली. त्यांना चष्मा लागला होता. लागून पाच दिवस झाले होते. चष्मा धाकटीच्या दुकानातूनच आलेला, तिनंच बसवून दिलेला. थोरलीला पत्ता नव्हता. ती हसली, "छान दिसतो हं बाबा," म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

धाकटीनं हे आईला सांगितलं तेव्हा ड्यूटीबाईला स्वतःचीच लाज वाटली. दोनशे बारा घरांचा हिशेब ठेवणारी मी, माझ्या घरातली माणसं कधी एकत्र बसतात हे मला माहीत नाही? तिनं जुन्या तक्त्याची कोरी बाजू घेतली, चार नावं लिहिली आणि चौकोन आखले. दहा मिनिटांत उत्तर हातात आलं. अख्ख्या आठवड्यात चौघंही घरात आणि चौघंही जागी अशी एकच वेळ होती, बुधवारी दुपारी तीन ते साडेचार.

आणि मग तिनं जे केलं, ते तिच्यावाचून दुसऱ्या कुठल्याही आईनं केलं नसतं. तिनं त्या दीड तासाचा तक्ता बनवला.

पहिल्या बुधवारी तीनला तिघं बाहेरच्या खोलीत येऊन बघतात तो घर लखलखीत! सोफ्यावर नेहमीचा धुतलेल्या कपड्यांचा डोंगर नाही, टेबलावर इस्त्री केलेला टेबलक्लॉथ, आणि भिंतीवर कागद. तीन ते तीन-दहा, चहा. तीन-दहा ते तीन-तीस, प्रत्येकानं आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगणे. तीन-तीस ते चार, पायी फेरफटका. चार ते चार-वीस, जुने फोटो पाहणे. शेवटची दहा मिनिटं, किरकोळ.

चहा बरोबर दहा मिनिटांत संपला. मग ड्यूटीबाईनं घड्याळ बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "हं, तुमच्यापासून."

नवऱ्यानं पुष्कळ विचार केला. "काल पाव बरे फुगले होते," तो म्हणाला.

थोरली म्हणाली, "माझ्या वॉर्डातले एक आजोबा गेले काल. चांगली गोष्ट कुठून आणू, आई?"

धाकटीनं भिंतीवरचा कागद वाचला, आईकडे बघितलं आणि अगदी गरीब चेहऱ्यानं विचारलं, "आई, हजेरीची सही कुठे करायची?"

नवरा फसकन हसला. चहा नाकात गेला त्याच्या. ड्यूटीबाईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, ती कागद ओढून काढून तरातरा स्वयंपाकघरात गेली आणि उगाचच भांडी आपटत बसली. राबराब राबून सगळं केलं आणि ही कार्टी थट्टा करतात! पाच मिनिटांनी तिच्या लक्षात आलं की बाहेर आवाज वाढलाय. निळ्या शर्टाचं भांडण निघालं होतं. थोरली जमिनीवर आडवी पडून पाय सोफ्यावर टाकून भांडत होती, धाकटी उभी राहून, आणि नवरा दोघींनाही फितूर होत होता. ती दारात उभी राहून ऐकत राहिली. मग हळूच येऊन थोरलीच्या डोक्याशी बसली आणि म्हणाली, "तो शर्ट मुळात माझा होता." त्यावर तिघंही तिच्यावर तुटून पडली. साडेचार कधी वाजले कळलंच नाही.

त्या दिवसापासून ठरलं की बुधवारी दीड तास कुणी काही उपयोगाचं करायचं नाही. आवराआवर नाही, कामाचं बोलणं नाही, कुणाला सुधारायचं नाही. कपड्यांचा डोंगर परत सोफ्यावर आला, आणि त्याच्या आजूबाजूला जागा करून चौघं बसायला लागली. न्हाणीघरातला नळ टपटपत राहिला. भट्टीवरून नवरा वेडेवाकडे पाव आणायचा, ते तोडून खायचे. कधी भांडणं, कधी हसून हसून पोट दुखणं, कधी नुसतंच लोळणं. एकदा तर चौघंही दीड तास ढाराढूर झोपली आणि उठून एकमेकांना म्हणाली, काय मजा आली नाही आज!

शेजारच्या काकू एकदा असल्या वेळी साखर मागायला आल्या. त्यांच्या घरात चमचेसुद्धा एका दिशेला तोंड करून झोपतात. त्या कपड्यांच्या डोंगराकडे बघत म्हणाल्या, "बाई गं, बुधवारी तर तू दुपारची घरी असतेस. तेवढ्यात आवरून होईल की सगळं."

"काकू, आवरायला उरलेले सहा दिवस आहेत की," ड्यूटीबाई साखर देत म्हणाली. "ते सहाही दिवस आम्ही आवरत नाही, हा भाग वेगळा."

असं अडीच वर्षं चाललं. आणि मग हॉस्पिटलनं थोरलीची पाळी बदलली.

दुपारी दोन ते रात्री दहा. एक-दोन आठवडे नव्हे, पुढची सूचना येईपर्यंत. आठवड्याची सुट्टी फिरती, तीही आदल्या दिवशी कळणार. झालं! बुधवारचे तीन वाजायचे, तिघं बसायची, चौथ्याची जागा कपड्यांनी भरायची. थोरली घरी यायची तेव्हा बाप झोपलेला, आई पेंगलेली. ती उठायची तेव्हा बाप भट्टीवर, बहीण कॉलेजात आणि आई चपला घालून दारात.

असंच एका सकाळी ड्यूटीबाई दारात असताना थोरली म्हणाली, "आई, एक सांगायचं होतं. हॉस्पिटलच्या आवारात नर्सेसचं हॉस्टेल आहे ना, तिथे एक खोली रिकामी झालीय. मी नाव दिलंय."

"का गं?"

"का म्हणजे? जायला-यायला दोन तास जातात. आणि येऊन मी भेटते कुणाला? दुपारी जरा वेळ बाबांना, बाकी फ्रिजला!" ती हे रागानं बोलली नाही, थकून बोलली. तेच आईला जास्त लागलं. "पुढच्या गुरुवारपर्यंत नक्की कळवायचंय त्यांना."

"थांब. मी काहीतरी बघते."

"काय बघणार आहेस? हॉस्पिटलचा तक्ता तुझ्या हातात नाहीये, आई."

ड्यूटीबाई डेपोच्या वाटेला लागली. पोरी एक दिवस घर सोडून जाणार, हे काय तिला कळत नव्हतं? शिकायला गेली असती, जोडीदार बघून गेली असती, तर तिनं स्वतः बॅग भरून दिली असती. पण घरात कुणी भेटत नाही म्हणून जायचं? हे तिला सहन होईना.

तिनं परत पाठकोरा कागद घेतला. चार नावं, सात दिवस. पहिल्या दिवशी काही जमलं नाही, दुसऱ्या दिवशी खोडरबरानं कागदाला भोक पडलं. कुठूनही बघा, तिघं एकत्र येत होती, चौथं निसटत होतं. सोळा वर्षांत तिला न सुटलेला हा पहिला तक्ता.

नवऱ्यानं एक वाट सुचवली. डेपोतल्या एका ड्रायव्हरची सख्खी बहीण त्याच हॉस्पिटलात मेट्रन होती, नर्सेसच्या पाळ्या तीच लावायची. "अगं, एक शब्द टाक ना. त्या माणसाला तू किती वेळा सांभाळून घेतलंयस."

"आणि आपल्या पोरीच्या जागी दोन ते दहाला कुणाची पोर जाईल?" ड्यूटीबाई म्हणाली. "तिच्या घरी फ्रिज नाहीये का?"

बघा हं. तुम्ही-आम्ही असतो तर फोन उचललाच असता. मनाची समजूत घालायला काय, शंभर कारणं सापडतात. तिलाही तो नंबर तोंडपाठ होता आणि फोन हाताशी होता. तिनं तो केला नाही, आणि याबद्दल पुढे कधी कुणाजवळ बोललीही नाही.

शनिवारी तिच्या खोलीत मिशीकाका आले. डेपोतले सगळ्यात जुने ड्रायव्हर. मिशा एवढ्या की चहा प्यायल्यावर अर्धा चहा पुसावा लागायचा. ते तक्रार घेऊन आले होते.

"बाई, मला नऊ तासांची विश्रांती दिलीय म्हणता, कुठाय ती? घर माझं सव्वा तासावर. जायला सव्वा, यायला सव्वा. अडीच तास गेले की रस्त्यात."

"काका, तक्त्यात तासच धरतात ना. सही केल्यापासून सही करेपर्यंत."

"तेच तर! तुमच्या तक्त्यात माणूस सही केली की जन्माला येतो आणि पुन्हा सही केली की मरतो. मधल्या रस्त्यावर कोण असतं, बाई? माझं भूत?"

ती हसली. त्यांची ड्यूटी तासाभरानं पुढे सरकवून दिली. मिशीकाका मिशीला पीळ देत निघून गेले आणि पेन्सिल तिच्या हातात तशीच राहिली.

मधल्या रस्त्यावर कोण असतं?

तिनं घरचा भोक पडलेला कागद काढला. चार नावांपुढे तिनं घरातले तास मांडले होते, कामाचे तास मांडले होते. जाण्यायेण्याचे चौकोन कोरे सोडले होते. सोळा वर्षांची सवय! रस्ता कुणाच्याच खात्यात धरायचा नाही. तिनं भराभर लिहायला घेतलं. थोरली रोज बारा-पन्नासची गाडी पकडते. गाडी आपल्याच डेपोतून सुटते. बारा-छप्पनला पाण्याच्या टाकीचा थांबा, म्हणजे आपलं घर. एक-आठला कॉलेजचा थांबा, आणि धाकटीचं कॉलेज बुधवारी पाऊणला सुटतं. एक-चाळीसला हॉस्पिटल. मी बुधवारी साडेबाराला मोकळी. हे साडेदहापासून घरीच.

एक-आठ ते एक-चाळीस. बत्तीस मिनिटं.

ती खुर्चीतून उठली, परत बसली, परत एकदा मोजलं. बत्तीसच. मग तिनं त्या चार चौकोनांभोवती एवढी जाड रेघ मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं.

घरी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "बसमध्ये? कुठे जायचंय पण?"

"कुठे नाही. हॉस्पिटलपर्यंत जायचं आणि त्याच गाडीनं परत यायचं."

"आई, बसमध्ये कुणी भेटतं का?" थोरली म्हणाली. पण ती काही नको म्हणाली नाही. तिला तर त्या गाडीनं जायचंच होतं.

बुधवार आला. गुरुवारी हॉस्टेलला कळवायचं होतं. ड्यूटीबाईनं काय करावं? अहो, पुन्हा तेच! माणसाची खोड जाता जात नाही. तिनं बत्तीस मिनिटांत पोरीला काय काय सांगायचं याचे सहा मुद्दे काढले, एका चिठ्ठीवर लिहिले आणि चिठ्ठी पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. पहिला मुद्दा, हॉस्टेलच्या खोलीत ऊन येत नाही. सहावा मुद्दा, तुझ्याशिवाय मला करमत नाही. मधले चार इकडचे तिकडचे.

बारा-पन्नासला ती डेपोतच गाडीत चढली आणि सगळ्यात मागच्या लांब सीटवर पर्स, छत्री आणि स्वतः अशी आडवी पसरून बसली. सोळा वर्षं प्रवाशांच्या नावानं कुरकुरणारी बाई जागा अडवून बसली होती, आणि तिला त्याचं काहीही वाटत नव्हतं. पाण्याच्या टाकीला नवरा आणि थोरली चढले. नवऱ्याच्या हातात डबा, अंगावर ठेवणीतला शर्ट. थोरली गणवेशात, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांखाली काळं. ती खिडकीशी बसली आणि बाहेर बघत राहिली. "जेवलीस?" "हो." एवढंच बोलणं झालं. त्यात एक गृहस्थ भलंमोठं पोतं घेऊन आले आणि पाचव्या जागेवर बसले. पोतं त्यांनी नवऱ्याच्या पायांवर ठेवलं, आणि नवऱ्यानं ते ठेवू दिलं.

एक-आठला धाकटी धापा टाकत चढली, "सरका, सरका," म्हणत पोतंवाल्यांच्या आणि बापाच्या मधे घुसली. चौघं बसली. महिना होऊन गेला होता चौघं बसून. नवऱ्यानं डबा उघडला. पावात उकडलेली अंडी, पाव अर्थातच वेडावाकडा. गाडी एका खड्ड्यातून गेली आणि एक अंडं टुणकन उडून थेट पोत्यावर पडलं. पोतंवाल्यांनी ते उचलून निर्विकारपणे परत डब्यात ठेवलं. धाकटी हसायला लागली ती थांबेचना.

ड्यूटीबाईनं घसा खाकरला. सव्वा वाजला होता. पंचवीस मिनिटं उरली होती, सहा मुद्दे होते. तिनं पर्सच्या कप्प्यात बोटं घातली, आणि तेवढ्यात तिच्या उजव्या खांद्यावर काहीतरी जड येऊन पडलं.

थोरली झोपली होती. एका क्षणात, तोंड किंचित उघडं, मान आईच्या खांद्यावर टाकून. अंबाड्याची पिन आईच्या गालाला टोचत होती. नवऱ्यानं धाकटीला बोटानं गप्प केलं. धाकटीनं हसू तोंडात दाबलं.

ड्यूटीबाई हलली नाही. पिन टोचू दिली. पोरीचा हात तिच्या मांडीवर पडला होता, सारखा साबणानं धुऊन धुऊन फुटलेला, तळव्यावर पेनानं लिहिलेले कुठल्याशा खाटांचे नंबर अर्धवट पुसलेले. किती दिवस झाले हा हात असा जवळून बघून? लहानपणी हाच हात धरल्याशिवाय ही झोपायची नाही. तिला वाटलं, हिला ऊठ म्हणू नये, काही समजावू नये, काही विचारू नये. नुसतं बसावं. तिनं कप्प्यातून बोटं बाहेर काढली.

पलीकडे बाप-लेकीचं कुजबुजणं चाललं होतं. दुकानात कुणी एक आजी आल्या होत्या, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होत्या, असं काहीतरी. नवरा आवाज न काढता हसत होता, पोट हलत होतं, पोतं हलत होतं. मधेच त्यानं हात लांब करून पावाचा एक तुकडा ड्यूटीबाईच्या तोंडात भरवला, कारण तिला हात हलवता येत नव्हता. तिला प्रत्येक थांबा मिनिटागणिक पाठ होता. बाजार, एक-एकवीस. पूल, एक-सत्तावीस. गाडी उशिरा पोचली की तिच्या कपाळाला आठ्या पडत, अशी तिची ख्याती. पण त्या दिवशी पुलाच्या अलीकडे लाल सिग्नल लागला, तर तिला त्या दिव्याचा मुका घ्यावासा वाटला.

पण ड्रायव्हर तिच्याच तक्त्यातला, वक्तशीर. एक-चाळीसला हॉस्पिटल आलं.

थोरली दचकून उठली. "आलं?"

"आलं."

"अगंबाई, मी झोपले?" तिनं तोंड पुसलं. आईच्या खांद्यावर ओला डाग पडला होता, तोही पुसला. "तुला काहीतरी बोलायचं होतं ना माझ्याशी? बाबा म्हणत होते."

"मला?" ड्यूटीबाई म्हणाली. "छे. मला काय बोलायचंय?"

थोरली केस सारखे करत, माणसांतून वाट काढत खाली उतरली. चार पावलं गेली, थांबली आणि परत फिरली. खिडकीशी येऊन टाचा उंच करून काचेवर टकटक केलं. धाकटीनं काच सरकवली.

"आई, ही गाडी दर बुधवारी असते ना?"

"असते की. बारा-पन्नासला."

"मग मी हॉस्टेलला नाही म्हणून सांगते," थोरली म्हणाली. "तिथल्या उशीला असा खांदा नसतो." आणि उशीर होईल म्हणून ती फाटकाकडे पळत सुटली.

गाडी वळली आणि परतीला लागली. पोतंवाले उतरले होते, मागची सीट मोकळी झाली होती, तरी तिघं चिकटूनच बसली. ड्यूटीबाई रडायला लागली. हळूबिळू नाही, चांगली हुंदके देऊन, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशी.

नवरा घाबरला. "अगं, राहतेय ना ती? मग आता रडतेस कशाला?"

"हात बधिर झालाय माझा," ती म्हणाली.

मग त्यानं डबा बाजूला ठेवला आणि घर येईपर्यंत तिचा हात चोळून दिला.